सुखदेवभाऊंची कुजबुज

ज्या माणसाने मला जंगल ऐकायला शिकवलं, तो माणूस बहिरा होता. लगेच भुवया उंचावू नका. पहिल्यापासून नव्हता, आमच्या डोळ्यांदेखत होत गेला. आम्ही सगळ्या शिकल्यासवरल्या बायका दर हिवाळ्यात त्याच्याबरोबर मेळघाट तुडवत होतो, तरी आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. पडला तेव्हा मी इतकी चिडले की विचारू नका. पण ते पुढे सांगते.

सुखदेवभाऊ गेल्या उन्हाळ्यात गेले. त्यांच्या सुनेचा, वंदनाचा फोन आला तेव्हा मी अकोल्याला, शाळेच्या स्टाफरूममध्ये होते. ऐकलं आणि फोन ठेवला. पलीकडच्या वर्गात पोरी बाजार भरवून बसल्या होत्या. एरवी मी जाऊन एक आवाज टाकते आणि वर्ग गार होतो. त्या दिवशी गेले नाही. करू दे म्हटलं कल्ला.

भाऊ मूळचे परतवाड्याजवळच्या एका खेड्यातले माळी. वांगी, मेथी, मुळे, सणावाराला झेंडू. बाजाराच्या दिवशी काळीपिवळीच्या टपावर टोपल्या चढवायच्या आणि घाटातून वर यायचं, हा त्यांचा तरुणपणीचा धंदा. आरोळी अशी की म्हणे नदीपलीकडच्या वस्तीवरून बायका पिशव्या घेऊन निघायच्या. पुढे सिपना नदीच्या काठाला थोडी जमीन करायला मिळाली, तिथेच भाजीचा मळा झाला, घर झालं, आणि सेमाडोहच्या पुढचं ते गाव त्यांचं झालं. गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की येत्या दिवाळीत तिथे अकोला-अमरावतीच्या गाड्यांची रांग लागेल आणि माझी नेहमीची खोली दुसरंच कुणीतरी बळकावेल.

मग जंगल बघायला लोक यायला लागले, आणि गावाने त्यांना पायी फिरवायचं ठरवलं. गावातली कोरकू पोरं जंगलातच वाढलेली, पण पाहुण्यांसमोर तोंड उघडायला लाजायची. सुखदेवभाऊंना जंगल बेताचंच कळायचं, पण तोंडाची काही कमी नव्हती. गावाने त्यांना पुढे केलं. म्हणजे बघा, ज्या माणसाने आयुष्यभर ओरडून पोट भरलं, त्याला गावाने नेमकं कुजबुजायचं काम दिलं.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हाची गोष्ट. मी आणि माझ्या शाळेतल्या बायका. त्यात मंगला, आमची चित्रकलेची बाई, जी पालीला भिते आणि तरी दरवेळी सगळ्यात आधी नाव देते. सकाळी थंडीत कुडकुडत आम्ही नदीवर गेलो. मला वाटलं, आता निघायचं. तर सुखदेवभाऊंनी आम्हाला काठच्या मोठ्या काळ्या दगडांवर बसवलं.

"बसा न जी," ते म्हणाले. "चपला-बूट राहू द्या पायात. बोलनं तेवढं काढून ठेवा."

डोक्याचा दुपट्टा त्यांनी सोडला, दोन्ही हातांनी झोळीसारखा धरला आणि आमच्यासमोर फिरवायला लागले. "आता हरेकानं एक-एक आवाज टाका याच्यात. जो ऐकू आला थो. दुसरीनं टाकलेला उचलाचा नाई."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. असले बालवाडीचे खेळ आम्ही पोरींकडून करून घेतो. आमच्याकडून कुणी करून घेतले नव्हते. मंगला म्हणाली, "नदी."

"हे तं दगडालेही ऐकू येते. पन टाका, टाका. बोहनी झाली."

कुणी वारा टाकला, कुणी कुठलासा पक्षी टाकला. कुणी गावातलं कोंबडं टाकलं, तर भाऊंनी दुपट्टा मागे घेतला. म्हणे गावचा माल गावात, इथे जंगलाचाच चालन. माझी पाळी आली तेव्हा मला काहीही ऐकू येत नव्हतं. तसं सांगून टाकलं.

"येईन," ते म्हणाले. "दिवसभर पोरींवर वरडून वरडून कान निबर झाले तुमचे. बसा जरा."

निबर! वांग्याला म्हणतात तसं मला म्हणाले. मला राग आला, पण दुपट्टा काही समोरून हलेना. बाकीच्या वाट बघत होत्या. आणि मग कुठून तरी लांबून आलं, टकटकटकटक... थांबलं. परत टकटकटकटक. मी बोट वर केलं. भाऊंनी माझ्यासमोरच्या दगडावर नखाने तस्संच वाजवून दाखवलं आणि विचारलं, "हे?"

"हो, हेच."

"सुतार," ते म्हणाले. मोठं गिऱ्हाईक पटल्यासारखे खूश झाले. "पाहा, आला का नाई माल?"

ही त्यांची पद्धत. दगडावर बसल्याशिवाय आणि दुपट्टा भरल्याशिवाय त्यांनी कुणालाही जंगलात नेलं नाही. मोठमोठे साहेब आले, घाई करणारे आले, वाघ कुठे आहे ते आधी सांगा म्हणणारे आले. "वाघ मंडीत येत नाई जी," एवढं बोलून भाऊ दुपट्टा पुढे करायचे. साहेबांचीही बोहनी व्हायची.

भाजीवाल्याची भाषा त्यांची कधी सुटली नाही. एखाद्या दिवशी काही दिसलं नाही तर म्हणायचे, आज जंगल शिळं हाय. ओल्या मातीत पंजा दिसला की कडेकडेने बोटाने दाबून बघायचे आणि म्हणायचे, ताजा हाय, सकाळचाच. पावसाळा सरतानाचं जंगल म्हणजे कवळं आणि उन्हाळ्यातलं म्हणजे निबर. पक्ष्यांच्या नावांचा मात्र आनंदीआनंद होता. एकदा पुण्याचे एक गृहस्थ आमच्याबरोबर होते, हातभर लांब कॅमेरा घेऊन. भाऊंनी एका पक्ष्याचं नाव सांगितलं. ते म्हणाले, चूक. दुसऱ्याचं सांगितलं. तेही चूक. तिसऱ्या वेळेला भाऊ म्हणाले, "असन. तुमच्या पुस्तकात तसं असन. इकडे थो आपल्या मनानं राहाते." आम्ही हसलो, पण नाव त्यांनी चुकीचंच सांगितलं होतं, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. संध्याकाळी भाऊ त्याच गृहस्थांजवळ जाऊन बसले, तिन्ही नावं विचारून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी तिन्ही उलटीसुलटी करून आम्हाला सांगितली.

आणि कुजबुज! बाजारात आरोळ्या ठोकलेला गळा, तो काय कुजबुजणार? तोंडाशी हात धरून, मान खाली घालून, अगदी गुपित सांगितल्यासारखं ते बोलायचे, "हरिन हाय, बोलू नोका!" आणि हरिण पळून जायचं. पहिल्या वर्षी ही कुजबुज आमच्यापुरती होती. दोन-तीन हिवाळ्यांनी ती नदीपलीकडे जायला लागली. गावातली पोरं थट्टा करायची, सुखदेवभाऊ कुजबुजले की सेमाडोहच्या स्टँडवर लोक मागे वळून पाहतात. आम्हीही हसायचो. कान जात असले की माणसाला स्वतःचा आवाज किती मोठा झाला ते कळत नाही, हे मला माहीत होतं हो. आमचे आप्पा शेवटी तसेच बोलायचे. पण इथे नाही सुचलं.

मग एका हिवाळ्यात आम्ही गेलो तर भाऊ रांगेच्या शेवटी. पुढे वंदना. खाली अचलपूरकडची पोरगी, बारावी शिकलेली, लग्न होऊन या घरात आली. नवरा परतवाड्याला गॅरेजमध्ये, आठवड्याला घरी. ती हळूहळू सासऱ्याकडून वाटा शिकली आणि वाटाडी झाली. आता सून पुढे आणि सासरा मागे, हे वऱ्हाडात कुणी बघितलंय? लग्नात, देवळात, बाजारात, कुठेही सून मागेच चालते. गावात बायका बोलल्याच. वंदनालाही सुरुवातीला जड गेलं, दर दहा पावलांना ती पदर सारखा करायची आणि कडेला होऊन वाट द्यायची. भाऊंनी एकदा सगळ्यांसमोर सांगितलं, "जंगलात कोनी सासरा नसते वं पोरी. चाल पुढं."

आम्हाला केवढं कौतुक वाटलं! मंगलाने तर अकोल्याला येऊन महिला दिनाच्या भाषणात हे सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. भाऊ पुरोगामी म्हणून मागे गेले असं आम्ही धरून चाललो होतो.

खरं काय ते कळलं माझ्या मानेमुळे. त्या वेळी प्रवासात माझी मान अवघडली होती. चालता चालता मी ती मोकळी करायला झटक्यात उजवीकडे वळवली आणि तशीच धरली. लगेच मागून कुजबुज आली, "ऐकलं? उजव्या अंगाले सांबर बोललं!" सगळ्या थबकल्या. कुणीच काही ऐकलं नव्हतं. वंदना पुढून वळून आधी सासऱ्याकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागली, आणि तिचा चेहरा असा उतरला की मला कळेना, हिला काय झालं. मी मुद्दाम सकाळभर भाऊंवर नजर ठेवली. भेकर खरोखर ओरडलं, कुत्र्यासारखं भुंकत, अगदी जवळ. भाऊ खाली वाकून पायमोज्यातली कुसळं काढत होते, काढतच राहिले. मग वर बघितलं, आमच्या वळलेल्या माना पाहिल्या आणि म्हणाले, "भेकर! डाव्या अंगाले!"

दुपारी चुलीपाशी मी वंदनाला गाठलं. ती भाकरी थापत होती. मी सरळ विचारलं, "भाऊंना ऐकू येत नाही का गं?"

तिने भाकर तव्यावर टाकली, पाणी लावलं, उलटली. मग म्हणाली, "कोनाले सांगू नोका बाई. तुमच्या पाया पडतो, पन सांगू नोका. कळलं तं त्याईले घरी बसवतीन."

"अगं पण म्हणून माणसांना घेऊन जंगलात..."

"मी असतो न पुढं. माहे कान हायेत. मामाजी मागं राहून तुमच्या माना पाहातात. कोनती मान कवा वळली, किती वळली, समदं वळखतात. मंगलाबाईंचे खांदे सगळ्यात पहिले ऐकतात म्हनतात."

मी उठले ती तडक मळ्यात. भाऊ वांग्यांना पाणी देत होते, पाठमोरे. मी हाक मारली नाही. आता मारून काय उपयोग? समोर जाऊन उभी राहिले आणि जे तोंडाला आलं ते बोलले. दुसऱ्यांच्या बायकापोरी तुमच्या भरवशावर येतात, काही झालं तर कुणी बघायचं, मोठे आलेत माना ओळखणारे! वर्गात बोलते त्या पट्टीत बोलले. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. थोडं त्यांना कळलं असेल, थोडं नसेल, पण राग पुरता पोचला.

"बसा बाई," ते म्हणाले. बांधावर बसलो. खिशातून त्यांनी एक डबी काढली. आत कानाचं मशीन. मुलाने अमरावतीहून करून आणलं होतं. "हे घालून एक खेप जंगलात गेलो. सागाचा पाला वाळलेला. सगळ्यांचे पाय पडून राहिले त्याच्यावर. बाप्पा! माह्या डोक्यात कोनी पापड चुरून राहिलं असं वाटे. नदीचा आवाज बी तोच, पाखराचा बी तोच, मानसाचा बी तोच. काढून ठेवलं."

"मग घरी बसा ना भाऊ. मळा आहे."

त्यांनी डबी बंद करून खिशात टाकली. मग त्यांच्या त्या मोठ्या कुजबुजीत म्हणाले, "बाई, घरी सगळे बोलतात. सून बोलते, लेक बोलते, टीव्ही बोलते, शेजारची म्हातारी बोलते. सगळ्यांचे तोंडं हालून राहिलेत, अन मी मधात एकटा बसलो. हसले का हसाचं. बाजारात बसलो तं गिऱ्हाईक भाव करते अन मी दुसरीकडेच पाहातो. पन जंगलात कोनीच बोलत नाई न जी. थ्या वाटेवर मोठे साहेब बी माह्यावानीच चूप. तिथं मी बहिरा नसतो. हे काढून घेतलं तं मंग माह्यापाशी काय राहिलं, सांगा तुमीच."

माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि मी वांग्याच्या झाडाकडे तोंड करून डोळे पुसले. उठताना त्यांनी मला ओंजळभर वांगी दिली. कवळी होती.

मी बाकीच्यांना सांगितलं. सांगू नको म्हटलेलं सांगितलंच, पण फक्त आमच्या आमच्यात. आणि मग आम्ही बायका काय करायला लागलो ठाऊक आहे? माना जरा ठळक वळवायला लागलो. नाटकात काम करतात तशा. एखादं वानर खोकलं की आम्ही सगळ्या एकदम वर बघायचो, मंगला तर हनुवटीसकट. भाऊ मागून लगेच सांगायचे, वानर! आणि आम्ही खूश. आता वंदना पुढे असतेच, एवढंच आम्ही स्वतःला समजावत होतो.

पण त्या सोयीत एक भोक होतं, आणि ते आमच्यापैकी कुणालाही दिसलं नाही. दिसलं ते होळीच्या सुमारास.

आम्ही एरवी हिवाळ्यात जातो. त्या वर्षी मंगलाला पळस फुललेला बघायचा होता, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडी गेलो. मोहाची फुलं पडायला लागली होती, सगळ्या जंगलाला तो गोडसर वास. सकाळची वेळ. पायवाट अरुंद, एका बाजूला नाला. वंदना पुढे, मध्ये आम्ही, आणि पाच-पन्नास पावलं मागे सुखदेवभाऊ, काठी टेकत, रमतगमत.

वंदना थांबली. हात वर. मलाही ऐकू आलं, मागून, नाल्याच्या अंगाने, कुणीतरी जोरजोरात श्वास ओढतंय, फुंकतंय, पाला उकरतंय. आम्ही सगळ्या वळलो. भाऊंच्या पाठीमागे, आपल्या घराचं अंगण असतं ना तेवढ्या अंतरावर, नाल्यातून अस्वल वर आलं होतं. काळं, केसाळ, मोहाची फुलं खाण्यात दंग.

आता बघा काय झालं. भाऊंनी आमच्या माना बघितल्या. सगळ्याच्या सगळ्या त्यांच्याकडे वळलेल्या. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, नीट त्यांच्याकडे. त्यांनी आपल्या सवयीने ते वाचलं आणि त्यांना वाटलं, या बायका मलाच बघतायत. ते लाजले. खरंच सांगते, लाजले. दुपट्ट्याच्या टोकाने त्यांनी तोंड पुसलं, मिशा पुसल्या. वंदना दोन्ही हातांनी खुणा करत होती, पण त्यांचं लक्ष मिशा पुसण्यात. मंगलाने माझा दंड धरला होता, त्याचे वळ नंतर आठवडाभर होते. आणि भाऊ हसत हसत, तोंडाशी हात धरून, आपल्या त्या कुजबुजीत म्हणाले,

"काय पाहून राहिल्या वं सगळ्याजनी? माह्या तोंडाले काई लागलं काय?"

अस्वल दोन पायांवर उभं राहिलं. मी डोळे मिटले नाहीत. मिटायचं सुचलंच नाही. ते तसंच एक क्षण उभं, भाऊ हसत उभे, आणि मग एकदम खेकसून ते वळलं आणि झुडपं मोडत नाल्यात उतरलं. त्यांच्या त्या गळ्यालाच ते बिचकलं असणार, दुसरं काय?

वंदना धावली. आयुष्यात पहिल्यांदा तिने सासऱ्याचं मनगट धरलं असेल. धरलं आणि त्यांना गर्रकन मागे वळवलं. भाऊंनी चिरडलेली फुलं बघितली, उकरलेली माती बघितली, अजून हलत असलेली झुडपं बघितली. मग वाटेतच खाली बसले.

मंगला रडत होती. भाऊ बोलले, आणि खरोखर हळू बोलले. त्यांचा तेवढा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"डाव्या-उजव्याचं मले तुमी दाखवता. माह्या मागचं कोन दाखवन?"

"मामाजी, काई झालं नाई न," वंदना त्यांच्या समोर बसून, तोंड नीट हलवत म्हणाली. "गेलं थे. गेलं!"

"माहं जाऊ दे. आज मंगलाबाई माह्या मागं राहिल्या असत्या तं?" ते उठले आणि हातातली काठी तिच्या हातात दिली. सागाची, मुठीपाशी गुळगुळीत झालेली, वाटाड्याची काठी. "मी आता येत नाई वं पोरी. कोनाले सांगाचं काम नाई. मीच येत नाई."

ते घरापर्यंत आमच्या मध्ये चालले, पाहुण्यासारखे.

पावसाळ्यात वंदनाचे फोन यायचे. मामाजी बोलत नाहीत म्हणायची. मळ्यात जातात, येतात, जेवतात, झोपतात. आरोळी सोडा, कुजबुजही बंद. शेजारची म्हातारीसुद्धा म्हणते, घर सुनं वाटते. ज्या घराला ते भीत होते त्याच घरात ते जाऊन बसले होते, आणि बसवलं कुणी नव्हतं, स्वतःच बसले होते. मी इकडे पोरींना निबंध लिहायला द्यायची आणि खिडकीतून बाहेर बघत राहायची. काय करावं सुचायचं नाही.

हिवाळ्यात आम्ही गेलो. सकाळी नदीवर पोचलो तर वंदना भाऊंना हाताला धरून घेऊन येत होती. वाळले होते. दगडापाशी तिने त्यांना खुणेने दुपट्टा सोडायला सांगितला.

"कायले?" ते म्हणाले. "मले काय समजते आता? तूच घे." आणि परत निघाले.

तेव्हा आमची मंगला उठली. पालीला भिणारी मंगला. तिने भाऊंचा हात धरला, तळवा वर केला, आणि आपली चार बोटं त्यांच्या मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत हळूच ओढत नेली. मग परत. मग परत. वळणं घेत घेत.

भाऊ थांबले. तळव्याकडे बघत राहिले. "सिपना?" ते म्हणाले.

मंगलाने मान हलवली, आपली नेहमीची, हनुवटीसकट.

"बोहनी झाली," भाऊ म्हणाले. ते दगडावर बसले आणि हात पुढे धरून ठेवला.

मग आम्ही एकेक जणी गेलो. कुणी तळव्यावर फुंकर घालून वारा दिला. कुणी पाच बोटांनी वानरांच्या उड्या दिल्या. एकीने परत कोंबडं द्यायचा प्रयत्न केला, तो त्यांनी ओळखला आणि हात मागे घेतला, गावचा माल गावात. वंदना पदरात तोंड घालून हसत होती का रडत होती, देव जाणे. माझी पाळी आली. मी कान दिले. एवढ्या वर्षांत माझे कान जरा कवळे झालेत, फार वाट बघावी लागली नाही. मी त्यांच्या तळव्यावर नखाने वाजवलं, टकटकटकटक. थांबले. परत, टकटकटकटक.

"सुतार!" सुखदेवभाऊ ओरडले. कुजबुज नाही, आरोळीच, बाजारातली. तो झाडावरचा खरा सुतार गप्प झाला आणि उडून गेला. वंदनाने हातांनी पंख करून दाखवलं, उडाला म्हणून, तर ते इतके हसले की दगडावरून घसरले असते.

तेव्हापासून तोच नेम पडला, वंदनाने सांगितलं. येणारा प्रत्येक पाहुणा आधी दगडापाशी, भाऊंच्या तळव्यावर एक आवाज द्यायचा आणि मगच पुढे. भाऊ दगडापर्यंत. पुढे एक पाऊल नाही. ते त्यांनी अखेरपर्यंत पाळलं.

त्या सकाळी निघताना रांगेच्या शेवटी मी होते. त्यांची जागा. वळणापाशी आल्यावर राहवलं नाही, आणि मी मान वळवून मागे बघितलं. भाऊ दगडावर बसले होते आणि आमच्याकडेच बघत होते. माझी मान वळलेली त्यांनी पाहिली आणि झटक्यात उठून आपल्या पाठीमागे बघितलं. नीट, खाली वाकून, झुडपात, नदीत, गावाच्या वाटेवर. काही नव्हतं. सकाळचं ऊन आणि रिकामी वाट. मग ते परत माझ्याकडे वळले. मी अजून तिथेच, तशीच बघत होते. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी हात छातीवर ठेवला आणि तेवढ्या लांबून विचारलं, "मी?"

मी मान हलवली. चांगली ठळक, नाटकात हलवतात तशी.